बैलाची वेतं किती?

“एका आठवड्यात त्रेचाळीस म्हशी भाकड कशा होतात, महादेव?”

मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी उभा होतो. बस म्हणाल्या नव्हत्या. टेबलाच्या पलीकडे दूध सोसायटीचे चेअरमन विनायकबाब बसले होते. त्यांच्या शेजारी खालच्या वाड्याचे, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीचे, पुंडलिकबाब, मांडीवर कागदांची गुंडाळी घेऊन. तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी गडहिंग्लज भागातला. म्हशींतच वाढलो. म्हैस आटते ती हळूहळू आटते, आणि त्रेचाळीस काही ठरवून एकदम आटत नाहीत. पण अशा वेळी माझं तोंड उघडत नाही.

आमचं ऑफिस डिचोलीत, बसस्टँडजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर. मॅडम धरून चार माणसं, ऑफिस त्यांचंच. शाळा, दवाखाने, सोसायट्या यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. ही दूध सोसायटी मुळगावच्या पुढे एका गावात आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या सभासदांची सगळी जनावरं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. प्रत्येकाच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. दुभतं जनावर असेल तर आणखी माहिती: कितवं वेत, म्हणजे किती वेळा व्यायली, रोजचं दूध किती, गाभण आहे का.

सोसायटीची निवडणूक पुढच्या महिन्यात होती. नियम असा की ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर, त्याला मत. मतदारांची यादी कॉम्प्युटरवरून काढली तर खालच्या वाड्यातली त्रेचाळीस जनावरं ‘वेत शून्य, दूध शून्य’ दिसली. सव्वीस घरं यादीतून बाहेर. वरच्या वाड्यातलं एकही जनावर हललं नव्हतं.

आणि त्या प्रत्येक नोंदीखाली लॉगमध्ये एकच नाव होतं, सोसायटीची क्लार्क सुलक्षा.

“लॉग म्हणजे कितें?” पुंडलिकबाबनी विचारलं.

“कुणी, कधी बदल केला त्याची नोंद,” मॅडम म्हणाल्या. “ती आपोआप होते.”

“मग झालंच! आनी कितें जाय तुमकां? ती वरच्या वाड्याची, चेअरमन वरच्या वाड्याचो, म्हशी भाकड झाल्या खालच्या वाड्याच्या!”

विनायकबाब लालेलाल झाले. “माझं नाव घेऊ नका हां! तिणें केलां असात तर आयतारच्या सभेत सगळ्यांसमोर तिला काढतो.” मग ते मॅडमकडे वळले. “पण बाय, तुमच्याकडून कोणी केलं नाही कशावरून? हो घाटी सर्व्हरावर बसता न्हय?”

गोव्यात मला अकरा वर्षं झाली. घाटी हा शब्द मी हसत हसत म्हटलेला ऐकलाय, प्रेमानंसुद्धा ऐकलाय. त्या दिवशीचा तसा नव्हता.

ते दोघे जिना उतरून गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “माझा तुझ्यावर संशय नाही.”

“हो मॅडम.”

“पण सर्व्हरचा पासवर्ड बदलते. रविवारच्या सभेपर्यंत.”

“हो मॅडम.”

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण राग आला नाही. नववीत शाळा सुटल्यावर मी मामाबरोबर इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोके चिकटवायला आलो. मॅडमच्या ऑफिसात पहिल्यांदा आलो तो खुर्च्या वर चढवायला. खुर्च्या ठेवून झाल्या तरी स्क्रीनकडे बघत उभा राहिलो. त्यांनी हाकललं नाही. “बसून बघ,” म्हणाल्या. आज मी प्रोग्रॅम लिहितो तो त्या एका वाक्यामुळे. अशा माणसानं पासवर्ड बदलला तर बदलू दे.

दिवस बुधवार होता. हातात तीन दिवस. मला सर्व्हर बंद झाला तरी मॅडमनी डेटाची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर दिली. “यात काय मोडायचं ते मोड,” म्हणाल्या.

आधी मी सुलक्षाबायवरच संशय घेतला. कबूल करतो. तिची नऊ वर्षांची नोकरी, दोन मुली शाळेत. माझी ओळख फोनवरची. आवाज खणखणीत, चूक दाखवली की समोरच्याला सोडत नाही. मला वाटलं, केलंही असेल. गावच्या राजकारणात कोण काय करेल सांगता येत नाही.

त्रेचाळीस ओळी समोर घेतल्या. वेत शून्य, दूध शून्य, गाभण कोरं. मग त्याच घरांचं रोजचं संकलन बघितलं, म्हणजे सकाळी डेअरीवर किती दूध घातलं. ते वेगळ्या टेबलात असतं. एका घरात एकच म्हैस. तिचं वेत शून्य. आणि त्या घरानं त्याच दिवशी सकाळी सात लिटर दूध घातलेलं.

न व्यायलेली म्हैस सात लिटर दूध देते! लबाडी करणारी बाई ही खूण मागं ठेवेल का? क्लार्क आहे ती, डेअरीचा आकडा तिच्याच हाताखालून जातो. पण हा काही पुरावा नव्हे. विसरलीही असेल.

दुसरी गोष्ट सापडली ती मात्र पुरावा होती. प्रत्येक ओळीत एक ‘प्रकार’ नावाचा रकाना असतो. तो पडद्यावर दिसत नाही, प्रोग्रॅमला कळावं म्हणून आत असतो. दुभत्या जनावराच्या ओळीत ‘दुभतं’ लिहिलेलं असतं. या त्रेचाळीस ओळींत नुसतं ‘जनावर’ होतं.

हा रकाना क्लार्कला बदलता येत नाही. पडद्यावर तशी जागाच नाही. बदलायचा तर एकतर प्रोग्रॅमनं, नाहीतर सर्व्हरवर बसलेल्या माणसानं.

म्हणजे सुलक्षाबाय सुटली आणि मी अडकलो.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी सर्व्हरवर कोण कोण आलं होतं ते काढलं. मी बाजूला उभा. मनात म्हणत होतो, नेविलचं नाव निघू दे. नेविल आमचा आधीचा सीनियर. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरखालचा फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, त्यानंच लिहिलेला. जाताना जुना पासवर्ड लक्षात ठेवला असेल, काय सांगावं? ज्या माणसानं मला कीबोर्डवर दहा बोटं ठेवायला शिकवलं त्याच्यावर मी असा दुपारभर संशय घेतला.

“गेल्या तीन महिन्यांत एकच माणूस आलाय,” मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. “तू.”

  खालच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

मग राहिला प्रोग्रॅम. पण प्रोग्रॅमनं केलं असेल तर फक्त खालच्या वाड्यालाच का? कॉम्प्युटरला काय वाडा कळतो?

गुरुवारी सुलक्षाबायला फोन केला. तिला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी झाली होती. नुसती खुर्चीवर बसून होती.

“तूंय विचारतलो? विचार, विचार. सगळ्यांनी विचारून झालं.”

“त्या आठवड्यात तुम्ही खालच्या वाड्याच्या नोंदींत काय बदललंत?”

“कितें बदलतलीं? घरांची नावं घातली.”

“कसली नावं?”

“आरे, त्या वाड्यात चाळीस घरं, सगळ्यांचं आडनाव एकच. पुंडलिक चार, शांबा तीन. माणूस दारात येऊन म्हणतो, आमची म्हस दाखव. बिल्ल्याचा नंबर कोणाला पाठ असतो? म्हणून शेऱ्यात घराची खूण घातली. तळ्याकडले, पिंपळाकडले, देवळामागले. वरच्या वाड्यात आडनावं वेगळी, तिथं गरज पडली नाही.”

कॉम्प्युटरला वाडा कसा कळला ते कळलं. 

“कुठल्या पानावरून घातलीत?”

“सगळी जनावरं म्हणून पान आहे त्यावरून. तुवेंच करून दिलंस ना मला? घरवार दिसतं म्हणून.”

मीच करून दिलं होतं. तिनं मागितलं आणि मी दोन दिवसांत करून दिलं. मॅडमनी कौतुकही केलं होतं.

“आनी एक सांगू?” सुलक्षाबायचा आवाज खाली आला. “पावसाच्या आधी मी तुला फोन केला होता. बैलाक वेतां कितलीं म्हणून विचारता तुमचो कंप्युटर. आठवतं?”

आठवलं. बैलाच्या फॉर्मवर ‘वेत’ रकाना दिसत होता आणि भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नव्हता. ऑफिसात आम्ही खूप हसलो होतो.

“तू म्हणालास, शून्य घाला आणि सोडून द्या. मी घालत गेले. एकदा पुंडलिकबाब खिडकीशी उभा होता, त्यानं बघितलं. आता गावभर सांगतो, हिनं माझ्या डोळ्यांसमोर शून्य घातलं म्हणून. मी म्हटलं, ऑफिसातून सांगितलं होतं. तर म्हणतात, कोणी सांगितलं, लिहून दिलंय?”

 फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

प्रतीमधली एक धडधाकट म्हैस घेतली. चौथं वेत, दूध आठ लिटर, गाभण. माझं ‘सगळी जनावरं’ पान उघडलं. शेऱ्यात ‘तळ्याकडले’ लिहिलं. सेव्ह केलं. मग ओळ आतून बघितली.

वेत शून्य. दूध शून्य. प्रकार, जनावर.

दुसरी म्हैस घेतली, मग तिसरी. तीच गत. मी एकटा बसून एकामागून एक म्हशी भाकड करत होतो.

काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगतो. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. ‘जनावर’ हा मूळ साचा. त्यात बिल्ला, मालक, वाडा, शेरा. ‘दुभतं’ हा त्याच्यावरून काढलेला दुसरा साचा. मूळ साच्यातलं सगळं त्याला आपोआप मिळतं, आणि वर स्वतःचं वेत, दूध, गाभण. याला इनहेरिटन्स म्हणतात. डेटाबेसमध्ये मात्र दोघांच्या ओळी एकाच टेबलात. कुठली ओळ कुठल्या साच्याची, हे तो ‘प्रकार’ रकाना सांगतो.

साचा आणि टेबल यांच्या मधे फ्रेमवर्कचा एक थर असतो. ओळ उचलायची, साच्यात बसवायची, बदल झाला की परत ठेवायची, हे त्याचं काम. मी ‘सगळी जनावरं’ मागितली की तो थर ‘प्रकार’ बघतच नव्हता. सरसकट सगळ्यांना मूळ साच्यात घालत होता. मूळ साच्याला वेत माहीत नाही, दूध माहीत नाही. नुसतं बघेपर्यंत काही बिघडत नव्हतं. पण सेव्ह केलं की थर अख्खी ओळ नव्यानं लिहायचा, आणि जे त्याच्या हातात नाही तिथं शून्य किंवा कोरं. प्रकारसुद्धा ‘जनावर’.

बैलाचा घोटाळाही शेजारचाच. कुठल्या साच्यात कुठले रकाने, याची एक यादी असते. मुलानं, म्हणजे काढलेल्या साच्यानं, बापाच्या यादीची आपली प्रत करून त्यात आपलं लिहायला हवं. इथं सगळे एकाच यादीत लिहीत होते. ‘दुभतं’नं त्यात वेत लिहिलं की ‘बैल’ या तिसऱ्या साच्यालाही वेत आलं.

म्हणजे सुलक्षाबायनं पावसाच्या आधी जो फोन केला तो याच आजाराचा फोन होता. मी तिला शून्य सांगून बोळवलं.

खरं सांगतो, त्या दिवशी जेवताना एक विचार मनात आला होता. हे गुपचूप दुरुस्त करायचं, जुन्या बॅकअपमधून म्हशी परत आणायच्या, बस. सव्वीस घरांना मत मिळालं की गाव खूष. लॉगमध्ये नाव तिचं आहे. मला कोण विचारणार? नेविलवर ढकलायचं म्हटलं तरी तो काही इंग्लंडहून भांडायला येणार नव्हता. उंड्याच्या पावाचा घास तोंडात तसाच फिरत राहिला. तिला नोकरी गेल्यावर परत कोण घेणार, लबाड म्हणून काढलेलीला? आणि मला एका बाईनं बसून बघ म्हटलं होतं.

शुक्रवारी सकाळी मॅडमसमोर जाऊन एका दमात सांगितलं. “खालचा थर नेविलचा आहे, पण पान माझं आहे. आणि शून्य घालायला मीच सांगितलं होतं.”

 मॅडम म्हणाल्या, “नेविलनं लिहिलेलं तू वाचलं नव्हतंस?”

“वाचलं होतं. कळलं नव्हतं.”

“मग विचारायचं नाही?”

यावर उत्तर होतं, पण ते सांगायला लाज वाटत होती. डिग्री नसलेल्या माणसानं विचारलं की समोरच्याला कळतं, याला येत नाही म्हणून. म्हणून मी विचारत नाही. जे कळत नाही त्याला हात न लावता त्याच्या वर आपलं काम चढवतो. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

मॅडमना न सांगताही कळलं असावं. “बस आधी,” त्या म्हणाल्या. “आणि नेविलला मेल टाक. हांगा कोणी मार्कशीट मागत नाही.”

नेविलचं उत्तर तासाभरात आलं. ‘सॉरी यार, ते तात्पुरतं केलं होतं.’ आणि खाली कुठली फाइल, कुठली ओळ. माझा संशय त्याला कधीच कळणार नाही, त्याचं मला बरं वाटलं.

दुरुस्ती तीन ठिकाणी होती. ओळ उचलताना आधी प्रकार बघायचा आणि त्याप्रमाणे साचा निवडायचा. ठेवताना जेवढं बदललं तेवढंच लिहायचं, बाकीच्याला हात नाही. आणि प्रत्येक साच्यानं रकान्यांची यादी स्वतःची ठेवायची. कोड पंधरा ओळींचा. तो बरोबर आहे का हे तपासायला दीड दिवस गेला, कारण तोच फ्रेमवर्क आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरखाली. एका शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिपायाच्या फॉर्मवर ‘शिकवण्याचा विषय’ असा रकाना निघाला. शाळेचा क्लार्क गेली दोन वर्षं त्यात ‘घंटा’ लिहीत होता. आम्हाला एकदाही फोन नाही. फोन केला तो एकट्या सुलक्षाबायनं.

त्रेचाळीस जनावरांची जुनी माहिती बॅकअपमधून मिळाली. मधल्या दिवसांत तीन म्हशी व्यायल्या होत्या, ते घरी फोन करून विचारून घातलं. पासवर्ड मॅडमनी शनिवारी मला परत दिला. कागदावर लिहून, काही न बोलता.

रविवारी सभा. सोसायटीच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढं खालचा वाडा, मागं वरचा. सुलक्षाबाय एकटी कोपऱ्यात. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मॅडम म्हणाल्या, “तू सांग. तूच शोधलंस.”

 मी सगळं सांगितलं. साचा, पान, शून्य घाला म्हणणारा माझा फोन.  मग पुंडलिकबाब उठले, मला टोमण्यानं पात्रांव, म्हणजे साहेब, म्हणाले.

“आयक रे पात्रांव. बुधवारी तुमी सांगलां, लॉगात तिचं नाव आहे, लॉग खोटं बोलत नाही. आज सांगता, कंप्युटर खोटं बोलला. कंप्युटरही तुमचाच, लॉगही तुमचाच. आमी कशावर विश्वास ठेवायचा? चेअरमननं तुला पढवून आणलंय!”

टाळ्या पडल्या. विनायकबाब उभे राहिले, त्यांना कुणीतरी खाली ओढलं.  मी लॅपटॉपवरची ती जुनी, बिघडलेली प्रत उघडली.

“पुंडलिकबाब, तुम्ही स्वतः करून बघता?”

“हांव?”

“ही खोटी प्रत आहे, खऱ्या यादीला धक्का लागणार नाही. तुमच्या नावानं लॉगिन करून देतो. म्हैस तुम्ही निवडा.”

त्यांनी मागं वळून बघितलं. मग मिशीत हसले. “चेअरमनाची काड.”

विनायकबाबांची म्हैस काढली. पाचवं वेत, दूध नऊ लिटर. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं. पुंडलिकबाबनी एका बोटानं शेऱ्यात लिहिलं, ‘तळ्याकडले’. लिहायला दोन मिनिटं लागली. मग मी दाखवलं ते बटण दाबलं.

मी पान पुन्हा उघडलं. वेत शून्य. दूध शून्य. आणि खाली, शेवटचा बदल, पुंडलिक.

“आरे, बघा बघा!” मागून कुणीतरी ओरडलं. “पुंडलिकान चेअरमनाची म्हस भाकड केली!”

“हांवें कितें केलें?” पुंडलिकबाब खरंच घाबरले. “मी शून्याला हातही लावला नाही! मी फक्त तळ्याकडले लिहिलं!”

“मीही तेच सांगत होते,” सुलक्षाबाय कोपऱ्यातून म्हणाली. “चार दिवस.”

हॉल हसायचा थांबला.

तिला काढण्याचा विषय कुणी काढलाच नाही. माफी मात्र कुणी मागितली असंही नाही. चहा आला तेव्हा पुंडलिकबाब तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बशीत बघत चहा प्यायले, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवी यादी निघाली, सव्वीस घरं परत आली. पुंडलिकबाबनी ती यादी घेऊन तीन दिवस गोठ्यागोठ्यांत फिरून बिल्ले ताडून बघितले. एकही चूक निघाली नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असं ऐकलं.

मी यातून शिकलो ते थोडक्यात. लॉगमध्ये बटण दाबणाऱ्याचं नाव असतं, ते पान बनवणाऱ्याचं नसतं. म्हणून आता कुणाच्या तक्रारीवर हसू आलं की मी आधी ती लिहून घेतो आणि मग हसतो.

सुलक्षाबायचा फोन अजून येतो. मी काही सांगितलं की ती म्हणते, “थांब.” वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो. सांगितलेलं ती शब्द न् शब्द लिहून घेते, वर तारीख घालते, खाली माझं नाव. मग मला वाचून दाखवते आणि विचारते, “असंच ना?”

“असंच,” मी म्हणतो. पण त्याआधी एकदा स्वतः करून बघतो.